शकुंतलाबाईंचा फॉर्म

बरकतपुरा, गुरुवार, १२ जुलै २००१

अजून डोकं तापलेलंच आहे. शकुंतलाबाई दर शनिवारी तारनाक्याच्या इंटरनेट कॅफेत बसून अमेरिकेतल्या लेकीला पत्र सांगतात आणि कॅफेची मालकीण ते टाइप करून ईमेलने पाठवते. माझ्या इंटरनेट-वापराच्या सर्वेक्षणासाठीची मुलाखत संपल्यावर मला म्हणाल्या, "माझं नाव नीट लिही हं, बेटा." आणि आज माझ्या पीएचडीच्या गाइड सरांनी बाईंच्याच फॉर्मवर 'इंटरनेट वापरत नाही' असं लिहायला लावलं. का, तर बोटं त्यांची नाहीत! लेक त्यांची, शब्द त्यांचे, मग वापर कुणाचा? मी वाद घालत होते, तेवढ्यात सरांचा कारकून सरांना आलेल्या ईमेल छापून घेऊन आला. सरांनी उत्तरं तोंडी सांगितली आणि तो टाइप करायला गेला.

सर्वेक्षणाच्या चाचणीचा पहिला फॉर्म सरांनी स्वतःच भरला होता. घरी आल्या आल्या काढून पाहिला. 'रोज वापरतो.'