पट्टीवरची दुसरी रेघ

प्रिय खुर्शीदाबी,

उंद्रीहून तानुबाईचा रामराम अन् सलाम, पाहिजे तो ठेवून घे. लोणारची हवा मानवली का? राबियाच्या घरी आराम कर, लेकीच्या सयपाकात खोड्या काढू नको. (काढतच असशील.) इथी सारे बरे, माहे गुडघे सोडून.

तुह्या मुजम्मिलचं कानावर आलंच असंल, तरी माह्याकडून ऐक. आमच्या पोराले, उत्तमले, कपाशीच्या बोंडात अळी दिसली. हा माणूस वावरात जाते म्हणजे बांधावर बसून मोबाइल पाह्यते. तठूनच बोंबलला, अळी न लागणारं म्हणून देल्लं ते बीटी बोगस हाय, मुजम्मिलनं फसवलं! तुहं पोरगं गरीब, बियाचं दुकान उघडं टाकून धावत आलं. उत्तमनं कृषीवाल्या साहेबाले आणलं. त्याईच्यापाशी एक पट्टी असते, आमच्या सुनेनं लेकराच्या वक्ती पाह्यली होती तशीच. पान कुस्करून पाण्याच्या नळीत टाकायचं, पट्टी बुडवायची. दोन रेघा आल्या तर बीटी, एक आली तर नाही. एकच आली. उत्तम असा नाचला, का बायकोच्या पट्टीवर दोन आल्या तवाबी नाचला नव्हता. "लायसनच घालवतो तुहं!" म्हणे. मुजम्मिलचं तोंड पिळलेल्या लिंबावानी. "मावशी, मी पाकीट फोडलंबी नव्हतं वो," येवढंच बोलला.

मंग मीच म्हनलं, साहेब, वावराच्या मधातलीबी पानं पाहा. त्यानं पाच जागची पाह्यली. पाचीवर दोन-दोन रेघा! साऱ्या गावासमोर मी उत्तमले असं आपटून धुतलं, का धोब्याच्या दगडानं पाणी मागावं. त्यानं हात जोडले, मुजम्मिलचं नाव साफ झालं. मी समाधानी हाय.

तुही,
तानुबाई

ता. क. पह्यली पानं मी तोडली होती. चिखलात कोण जाईल, म्हणून बांधालगतची तोडली. बियाच्या पाकिटासंगं बिनबीटीची लहान पुडी येते ना, वावराच्या काठानं पेराची, अळीले चराले? लोकं फेकून देतात. मी पेरली. (आलेलं बी काऊन फेकू?) पट्टी बिचारी खरंच बोलली. अळीबी आपल्या वाट्याचंच जेवत होती.

ता. क. दुसरा. मुजम्मिल आमच्या घरचा चहा घेत नाही. दारावरून जाते, पण मान वर करत नाही. तो तुहं ऐकते. चूक कोणाची ते त्याले तूच सांग, मले तोंडानं सांगवलं नाही. चहात आलं टाकून ठेवीन म्हणावं.

ता. क. तिसरा. उत्तमले मात्र कळू देऊ नको. लई मेहनतीच्या शिव्या होत्या, वापस घेववत नाहीत.