पुढची खुर्ची

नॉटिंगहॅम, ९ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांना,
इरावतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, म्हणून पत्र. आई म्हणते, तुमची दोघांची जोडी छान आहे.

आमची अमेरिकन फुटबॉलची टीम बंद झाली. निम्म्या मुली युनिव्हर्सिटी संपवून गेल्या. मी दोन वर्षं किकर होते, म्हणजे लाथेने बॉल खांबांमधून उडवणारी. मला तिथलं काय आवडायचं सांगू? किक मारायच्या आधी किकरशी कोणी बोलत नाही. तीन पावलं मागे, दोन डावीकडे, आणि सगळे गप्प. शाळेत मी गप्प बसले की प्रॉब्लेम व्हायचा, म्हणून तर सोळाव्या वर्षी सोडली. इथे गप्प राहिलं तरी चालायचं.

पण शेवटच्या मॅचला कबीर म्हणून एक कोच आला होता. तो हॉलमध्ये रेसलिंगचे शो करतो. कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं, पडायचं मात्र खरंच. त्याला माझी किक हवीय. सारा म्हणून त्याची एक रेसलर आहे, तिच्या गुडघ्यावर मी मारल्यासारखं करायचं आणि तिने ओरडत पडायचं. लहानपणी पार्कमध्ये मी किक मारताना तुम्ही बोटाने बॉल उभा धरायचात ना, तसंच. तुमच्या बोटाला कधी लागलं नाही, तिलाही लागू द्यायचं नाही. बेकरीतला जॉब चालू आहे, काळजी नको.

औषधं वेळेवर घ्या आणि माझ्यावर लक्ष असू द्या.

तुमची
इरावती


हॅरो, १६ फेब्रुवारी २०२५

चि. इरावतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. एक दुरुस्ती. बोटाला एकदा लागलं होतं. तू नऊ वर्षांची होतीस. तू रडशील म्हणून मी घरी येईपर्यंत हातमोजा काढला नाही. तुझ्या आईला अजून माहीत नाही, सांगू नकोस.

चाळीस वर्षं मी या देशात लोकांचे गुडघे दुरुस्त केले आणि आता नात ते मोडायचं नाटक करणार. छान. हॅरोला शो झाला तर मला पुढची खुर्ची ठेव. गर्दीत कानाचं मशीन नुसतं शिट्ट्या मारतं, ते घरीच ठेवून येईन. तू काय बोललीस ते मला कळणार नाही, तेव्हा माझी लाज बाळगू नकोस.

जेवत जा. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
आजोबा


नॉटिंगहॅम, १२ मार्च २०२५

ती. आजोबांना सा. न. वि. वि.

किक छान जमतेय. प्रॉब्लेम माईकचा आहे. मी व्हिलन आहे. व्हिलनने आधी माईक घेऊन लोकांना चिडवायचं असतं. माझी एकच ओळ आहे, सगळ्यांनी खाली बसा. दोन शो झाले, दोन्हीकडे तोंडातून काही आलंच नाही. क्रॉयडनला तर पुढच्या रांगेतली एक बाई प्रेमाने म्हणाली, टेक युअर टाइम, लव्ह. व्हिलनला असं कोण म्हणतं?

कबीर चांगला आहे, रागावला नाही. पण म्हणाला, बावीस तारखेला हॅरोला शेवटचं बघू. तिथेही नाही जमलं तर रोल दुसरीला, आणि मला तिकिटांच्या टेबलावर बसवेल. आजोबा, मला तिकिटं फाडायची नाहीयेत.

तुमची खुर्ची ठेवलीय. खरं सांगायचं तर तुम्ही मागे बसलात तर बरं होईल.

तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

इरावती


नॉटिंगहॅम, २४ मार्च २०२५

ती. आजोबांना सा. न. वि. वि.

तुम्ही शनिवारी न भेटताच गेलात. रागावलात का?

सुरुवातीला माईक दिला तेव्हा परत तेच झालं. मी तो खाली ठेवला आणि मनात म्हटलं, तिकिटं. मग मॅच सुरू झाली. किक मस्त बसली, म्हणजे अजिबात बसली नाही. सारा काय किंचाळली. आणि बघते तर पुढच्या रांगेत तुम्ही कोट काढून बाह्या वर करत होतात. आई पकडेपर्यंत तुम्ही रिंगच्या पायऱ्यांवर. मी डॉक्टर आहे, मी डॉक्टर आहे, असं सांगत होतात आणि रेफरी बिचारा सर, सर करत होता. तुम्ही साराच्या गुडघ्याला हात लावला असता तर सगळं उघडं पडलं असतं. मी हळूच म्हटलं, आजोबा, खोटं आहे. तुम्हाला कुठलं ऐकू येतंय.

म्हणून मी ओरडले. माईक न घेता. आजोबा, खाली बसा! तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तिथेच उभे. परत ओरडले. तरी उभे. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा कुठे खुर्चीत जाऊन बसलात.

मग अख्खा हॉल माझ्यावर तुटून पडला. हॅरोत निम्मे लोक आपल्याकडचेच, आजोबा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एक गुजराती आंटी उभी राहून मला झापायला लागली की म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात का. कबीर एवढा खूश, म्हणाला, अशी व्हिलन त्याला आजवर मिळाली नव्हती. रोल माझाच राहिला.

पण तुम्हाला सगळ्यांसमोर ओरडले. त्याचंच वाईट वाटतंय. सॉरी, आजोबा.

राग सोडून दोन ओळी लिहा.

इरावती


हॅरो, २८ मार्च २०२५

चि. इरावतीस,
अनेक आशीर्वाद.

कसला राग. पार्किंगची वेळ संपत आली होती, तुझी आई मला ओढतच घेऊन गेली.

मी फसलो हे मात्र खरं. गुडघा धड आहे हे मला दुसऱ्या पायरीवर कळलं. साराला सांग, गुडघा खरंच गेला की माणूस पाय असा आपटत नाही, हलवायलाच घाबरतो.

मग लगेच परत का फिरलो नाही, असं विचारशील. फिरणारच होतो, तेवढ्यात तू ओरडलीस. मशीन घरी टेबलावर होतं. सहा वर्षांत त्याच्याशिवाय तुझा आवाज मी ऐकला नव्हता. म्हटलं, उभा राहिलो तर अजून एकदा ओरडेल.

अजून दोनदा ओरडलीस.

पुढचा शो कुठे ते कळव. खुर्ची पुढचीच हवी. लोभ असावा, आणि मोठ्याने असावा.

तुझा
आजोबा