बसस्टॉपसमोरची काच

१२ मे

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. आमच्या दोन खोल्यांत फोनवर कुजबुजलं तरी पलंगापर्यंत ऐकू जातं, आणि तुझ्या भावजयीचे कान आजारपणात उलट तिखट झालेत. परवा डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, छातीचं दुखणं आता मागे फिरणारं नाही. थंडीचे बेत आत्तापासून करू नका. मी वर येऊन तिला सांगितलं की औषधं बदलणार आहेत.

तिचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीला लावलाय. उजेड काय तो तिथेच. पण समोर बसस्टॉप. याच खिडकीत मशीन मांडून तिने अख्ख्या रस्त्याचे कपडे शिवले, त्यामुळे थांब्यावरचं प्रत्येक माणूस तिला ओळखतं आणि आत डोकावतं. मग ती पडदा ओढून घेते आणि भरदुपारी दिवा लावून पडून राहते. काचेवर चिकटवायचा दुधी कागद आणला, तर म्हणाली, मला न्हाणीघरात झोपवू नका.

म्हणून काचच खरवडून दुधी करायची ठरवलंय. आमच्या दुकानात नुसत्या काचा कापतात नि बसवतात. खरवडायचं काम बाहेर कारखान्यात जातं, आणि एका काचेसाठी ते लोक फोनसुद्धा उचलत नाहीत. तेव्हा मशीन घरीच जमवतोय. भंगारातून मेलेला फ्रीज आणलाय. तो पाठीवर आडवा टाकायचा, आत काच ठेवायची, बाजूला भोकं पाडून लांब रबरी हातमोजे बसवायचे, दाराला बघायला छोटी काच, आणि हवेच्या झोताने आत वाळू मारायची. गॅरेजवाल्याने रंगकामाचा जुना कॉम्प्रेसर दिला. वाळू शेजारच्या बांधकामावर पडलेलीच आहे.

स्वस्तात होतंय, हे तुला आवडेल. तुझी आठवण ती रोज काढते, मी दिवसाआड काढतो.

तुझा,
खुडबुड्या


१७ मे

चि. खुडबुड्यास, अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या तासाला मुलांना तेच रूप दोनदा चालवायला लावलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, यावरून माझ्या अध्यापनाची थोरवी कळावी.

लहानपणी तू बाबांचा रेडिओ उघडलास, तेव्हा आतून गाणारी बाई निघेल असं तुला वाटत होतं. निघाले ते बाबांचे फटके. आता फ्रीज उघडलायस, आणि फटके मारायला मी एकटीच उरले आहे. तेव्हा ऐक. आमच्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. वाळू काचेवर आपटली की तिचं पीठ होतं, आणि ते पीठ छातीत बसलं की उठत नाही. घरात एक छाती पुरे आहे. वाळूला मज्जाव. काय मारायचं ते दुसरं शोध, मागच्या अंगणात मार, आणि तोंडाला रुमाल नको, चांगला मास्क लाव. हा आज्ञार्थ आहे. माझे आज्ञार्थ तू जन्मापासून विध्यर्थ समजत आलास, म्हणून व्याकरणासकट सांगते.

डॉक्टरांचं तू तिला सांगितलं नाहीस. तुला शहाणपण शिकवायला मी जिन्यात नव्हते. पण जिचा जन्म टेप हातात धरण्यात गेला, तिला कापड किती उरलंय ते कोणी सांगावं लागतं का?

माझा लोभ तुला आयता मिळालेला आहे, जपून वापर.

तुझी ताई


५ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

वाळू परत नेऊन टाकली. आता धार लावायच्या दगडात असते तसली भुरी, कडक पूड आणलीय. धूळ ओढायला फ्रीजच्या कोपऱ्यात जुना व्हॅक्यूम क्लीनर जोडलाय आणि त्याचं तोंड मागच्या गल्लीकडे केलंय. मास्क लावतो. तिच्या खोलीचं दार लावून मगच बटण दाबतो.

पण मशीन म्हणजे तुझा भाऊच आहे गं, दम नाही. कॉम्प्रेसरची टाकी एवढीशी, की बोटाएवढी जागा दुधी झाली की हवा संपते. मग तो धडधडत भरेपर्यंत मी हातमोज्यांत हात घालून फ्रीजवर ओणवा. हवेत ओल आली की पूड नळीत लापशी होऊन बसते. म्हणून मध्ये पाणी गाळणारी बाटली लावली. आणि पहिल्याच दिवशी काय झालं ठाऊक आहे? आतून उसळलेल्या पुडीने दाराची काचच दुधी झाली. खिडकीची काच आत तशीच, आणि मला बघायला लावलेली आंधळी! तिला सांगितलं तर इतकी हसली की नंतर बराच वेळ श्वास जागेवर येईना. हसवू की नको, कळत नाही. आता त्या काचेवर पातळ प्लास्टिक लावतो आणि खराब झालं की बदलतो.

कुठे दुधी करायचं नि कुठे नाही, ते झाकायचा जाड स्टिकर तीच कापून देणार आहे. त्याबद्दल ती स्वतः लिहील म्हणते. मला वाचायची बंदी आहे.

रागाबरोबर थोडी माया पाठवत जा.

तुझा,
खुडबुड्या


९ जून

ती. वन्सं यांस, शि. सा. न. वि. वि.

अक्षर हललंय, त्याला हसू नका. तुमचे बंधू अंगणात फ्रीजच्या पोटात हात घालून बसलेत. जनावराचे डॉक्टर गाईला तपासतात ना, अगदी तसे.

मला काय हवंय ते त्यांना तीनदा सांगितलं, तरी ते वेलबुट्टीचे नमुने दाखवतात. मला वेलबुट्टी नको. मला बघायचंय, दिसायचं नाही, एवढंच. थांब्यावर कोणाची बाही बगलेत ओढते, कोणी माझा शिवलेला ब्लाउज अजून घालतं, कोणी दुसरीकडे शिवून फसलं, हे बघितल्याशिवाय माझा दिवस जात नाही. पण त्यांनी मला बघून चेहरा पाडावा आणि बसमध्ये चढून माझ्याबद्दल हळू आवाजात बोलावं, ते नको. म्हणून सगळी काच दुधी आणि मधे एक आडवी, तळहाताएवढी रुंद पट्टी स्वच्छ. माझ्या डोळ्यांसमोर येईल अशी. पलंगावर झोपून मी स्वतः टेपने उंची घेतली. मापात मी चुकत नाही.

आणखी एक. जिन्यात बोललेलं आमच्या मोरीत स्पष्ट ऐकू येतं. मी तेव्हा मोरीत होते. त्यांना सांगू नका. मला काही ठाऊक नाही या समजुतीवरच ते जेवतात.

तुम्ही माझ्यावर प्रेम करता, ते फिटिंगला बरोबर बसलंय. ते उसवू देऊ नका.

तुमची,
भावजय


२० जुलै

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काच झाली, बसली, आणि चुकली.

वेळ फार लागला. टाकीभर हवा, बोटभर काच, पुन्हा टाकीभर हवा. पण खरवड एकसारखी आलीय. दुकानाचे मालक बघून म्हणाले की कारखान्यात याहून बरी होत नाही. पट्टी धारदार, तिच्या कात्रीसारखी सरळ. खरवडलेली बाजू आत घेतली, म्हणजे रस्त्याची धूळ बसणार नाही.

दरम्यान तिला आडवं झोपणं अशक्य झालं. आडवी झाली की दम कोंडतो. डॉक्टरांनी उठवून बसवणारा उंच पलंग भाड्याने आणायला लावला, आणि आता ती रात्रंदिवस टेकून बसलेली असते. पट्टी तिच्या कोपराशी येते. डोळ्यांसमोर सगळं दूध. काच बसवून मी मागे सरकलो, तेव्हा तिने पट्टीला कोपर लावून बघितलं. मग म्हणाली की पोरांच्या कपड्यांत वाढीला आत जास्तीचं कापड ठेवते, स्वतःच्या मापात ठेवायचं सुचलं नाही. चूक तिची नाही, माझी. बसवायच्या आधी पुन्हा माप घ्यायचं, हे दुकानात नव्या कामगाराला मीच शिकवतो.

खरवडलेलं पुन्हा गुळगुळीत होत नाही. दुसरी काच करायची तर पुन्हा तेवढा वेळ, आणि तो आहे की नाही ते तुला माहीत आहे. ती पट्टीकडे पाठ करून बसते.

काही सुचत असेल तर लिही. नाहीतर नुसती रागाव.

तुझा,
खुडबुड्या


२४ जुलै

चि. खुडबुड्यास, अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

रागवायला तुझ्या पत्रात जागाच ठेवली नाहीस. सगळा राग तूच वापरून टाकलास.

मी काचेतली जाणकार नाही. पण आमच्या वसतिगृहाच्या न्हाणीघराला दुधी काच होती आणि तिची खरवडलेली बाजू आत होती. तिच्यावर पाणी उडालं की आरपार दिसायचं. आम्ही सगळ्या मुली तेव्हा फार संयमाने अंघोळ करायचो. हे काचवाल्याला ठाऊक असणारच; दुःखाने माणसाचं पाठांतर जातं, एवढंच. ओलं फडकं घे आणि तिच्या डोळ्यांसमोर फिरव.

भावजयीने तुला न्हाणीघर नको म्हणून बजावलं होतं. शेवटी न्हाणीघरच उपयोगी पडलं, हे तिला माझ्या नावाने सांग. पण बेताने हसव.

सुट्टीचा अर्ज दिलाय. मिळाली की येते. तोवर माझा आशीर्वाद फडक्याला लावून पाठवते आहे असं समज.

तुझी ताई


१६ ऑगस्ट

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

दिसतं! फडकं फिरवलं की थांबा समोर उभा राहतो, किंचित थरथरणारा. मग कडांकडून सुकत येतं आणि पुन्हा दूध होतं. ती म्हणते, पडदा पडला. मी पुन्हा फडकं बुडवतो. बाहेरून बघितलं तर आत नुसता अंधार, तेव्हा तिची अट मोडत नाही. काल थांब्यावरच्या एका बाईच्या बाहीवरून आमचं भांडण झालं. बाही तिने शिवली नव्हती, हे तिने शपथेवर सांगितलं.

आज दुकानातून आलो तर काचेवर डाग. मी नसताना फडकं लांब राहिलं होतं. सुकतात म्हणून तिच्या हातांना मी सकाळी मलम लावतो. त्याच हाताने तिने काच पुसली होती. खरवडलेली काच चिकट बोट सोडत नाही, म्हणून तिच्यावर शेवटी एक लेप द्यायचा असतो. त्याच्या वासाने तिला खोकला येईल म्हणून मी तो दिला नव्हता. माझ्यातला कारागीर पटकन बोलला की काच घाण केलीस. ती म्हणाली की बघा तरी. तळहाताएवढी जागा, न सुकता, स्वच्छ. फडक्याची गरज नाही. काय खूश होती!

तू लवकर ये. बोलताना ती आता मधे थांबते.

तुझा,
खुडबुड्या


२१ सप्टेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू परत गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. भाड्याचा पलंग काल नेला. फरशीवर त्याच्या पायांचे चार गोल उरलेत.

दुकानाचे मालक म्हणतात, आता साधी काच बसवून टाक, मी देतो. दिसण्याची भीती ज्या माणसाला होती ते माणूस नाही, हे त्यांना म्हणायचं होतं. बिचारे म्हणू शकले नाहीत. मी नको म्हटलं. तिच्या हाताचा डाग तसाच आहे. बोटं कुठे थांबली तेही दिसतं. पण उभं राहून त्यातून काही दिसत नाही; डाग छातीशी येतो. खुर्ची ठेवली तर डोकं खाली राहतं. वाकून बघतो, मग कंबर धरते. मी पुन्हा मापात चुकतो आहे.

तू आल्यावर सगळ्या खिडक्या पुसल्यास आणि ती सोडलीस. मी बघत होतो.

तुझा,
खुडबुड्या


२६ सप्टेंबर

चि. खुडबुड्यास, अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

ती काच पुसली असती तर भावजयीने मला कुठूनही येऊन गाठलं असतं. तिने जूनमध्ये मला एक गोष्ट लपवायला सांगितली होती. आता सांगते, कारण तू अजून स्वतःला खोटारडा समजत असशील. जिन्यातलं तिने त्याच दिवशी ऐकलं होतं. तू सांगितलं नाहीस म्हणून ती काही अंधारात नव्हती. ती तुला सांभाळत होती, तू तिला. दोघांनी मिळून चांगलं नाटक वठवलंत. प्रेक्षक मी एकटी होते आणि मला टाळ्या वाजवायला बंदी होती.

आता उंचीचं. तो मेलेला फ्रीज अजून अंगणात पसरला असेल, कारण तू काहीच टाकत नाहीस. आत आण, खिडकीला लाव, त्याच्या दाराच्या काचेवर जाड फळी टाक आणि बसून बघ. बसलास की मला कळव. जेवलास की तेही कळव.

या ताईला आता सांभाळायला तू एकटाच आहेस, एवढं ध्यानात असू दे.

तुझी ताई


३ ऑक्टोबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

फ्रीज आत आणला. फळी टाकली. जेवलो.

उंची बरोबर येते. समोर एक बाई बसची वाट बघत उभी होती. तिच्या ब्लाउजची पाठ मी ओळखली.

तुझा,
खुडबुड्या