खात्रीच्या खुणा

चऱ्होली,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय निवेदिताताई,

नमस्कार. भावजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे अजून टँकरचंच पाणी. समोरच्या शेतात आणखी एक टॉवर उभा राहतोय. धूळ पुसून पुसून दमले, आता पुसतच नाही. पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून.

मंगळवारी चिंचवडला दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले. एक तर नुसती गाठ काढून रोज रेडिएशन घ्या, नाहीतर स्तन पूर्ण काढा. माझ्या बाबतीत दोन्हींचा गुण सारखाच, तेव्हा ठरवायचं मी. मग एक प्रश्नावली दिली. पर्याय नीट समजले का, कुणाचा दबाव आहे का, निर्णयाची खात्री वाटते का, असं बरंच काही.

अनंतने खिशातलं पेन काढलं. गॅसपासून पासपोर्टपर्यंत आमच्या घरचे सगळे फॉर्म तोच भरतो, मी सही करते. ‘फक्त गाठ काढणे’ लिहून त्याने सगळीकडे ‘पूर्ण खात्री’वर खुणा केल्या. ‘कुणाचाही दबाव नाही’ यावरही त्यानेच. मला हसू आलं गं. सही मात्र केली, सवयीने.

तिथली समुपदेशक मुलगी, स्वप्नाली, कागद बघून म्हणाली, “काका, जरा बाहेर बसता का? काकूंना मी तोंडी विचारते.”

“अहो मॅडम, आमच्यात लपवण्यासारखं काही नाही,” अनंत म्हणाला. दुखावला, पण गेला. माझ्यासाठी शिफ्ट बदलून घेतोय बिचारा, त्याला वाईट म्हणवत नाही.

“काकू, तुम्हाला काय हवंय?”

ताई, मी रडले. आजार कळला तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते. मग म्हणाले, “पूर्ण काढून टाका.”

तू आणि अनंत फोनवर, स्पीकर लावून, ‘वाचवू या तिचं, नंतर पस्तावेल’ म्हणत होतात, तेव्हा मी आत कणीक मळत होते. सगळं ऐकलं. तुमची माया कळते मला. पण आठवडेच्या आठवडे रोज त्या ट्रॅफिकमधून जायचं, मशीनखाली पडायचं आणि उरलेलं रोज आंघोळीच्या वेळी चाचपत घाबरायचं, हे मला नको आहे. दमलेय म्हणून बोलतेय, असं म्हणाल. दमलेय हे खरंच, पण डोकं ठिकाणावर आहे.

नवा कागद घेऊन सगळी उत्तरं मी माझ्या हाताने लिहिली. अनंतला अजून ठाऊक नाही. गाडीत त्याने विचारलं, “काय विचारत होती?” मी म्हटलं, “तेच सगळं.”

येत्या रविवारी त्याला सांगणार आहे. तोवर हे तुला मिळेल. तो लगेच तुला फोन करेल, समजाव तिला म्हणून. तेव्हा त्याला एवढंच विचार, “तू तिला विचारलं होतंस का?”

आणि ताई, तूही नव्हतं विचारलंस.

तुझी धाकटी, पण पन्नाशीची,
मृदुला