केळीचे पाच मुनवे

गिरीज,
फेब्रुवारी १९८६

प्रिय व्हिन्सेंट,

आणि माझ्या आवाजामुळे ज्यांची ज्यांची मान खाली गेली, त्या आपल्या घराण्यातल्या तमाम पुरुषांनो! तुमची तक्रार मला पाठ आहे. आग्नेसला हळू बोलता येत नाही. दारूच्या गुत्त्यासमोर बोलते तशीच ती घरात बोलते, आणि मग घरातलं गावात जातं. बाकीच्यांनी ही तक्रार माझ्या तोंडावर केली, माझ्याच घरी जेवले आणि विसरले. तू मात्र पावसाळ्यापासून सख्ख्या बहिणीशी अबोला धरून बसला आहेस. माणिकपूर काय परदेशात आहे? म्हणून हे पत्र. कागदावर माझा आवाज चढला तरी तुझ्या बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही.

त्या दिवशी काय झालं ते तू शेजारच्या रिटाकडून ऐकलंस, आणि रिटा तिथे नव्हतीच. मी होते. तुझे फर्डिनंड भावजी त्याआधीचं वर्षभर कसे झाले होते ते तुला ठाऊक आहे. वाडीला पाणी सोडायचे आणि विसरून जायचे. विहिरीच्या काठावर बसले की संध्याकाळ होईपर्यंत उठायचे नाहीत. माझ्याशी भांडायचेसुद्धा नाहीत, तेव्हा मी खरी घाबरले. मुंबईच्या डॉक्टरांनी मनाच्या गोळ्या दिल्या आणि हळूहळू माणूस परत आला. एकदा माझ्या भाषणाला चक्क जांभई दिली, तेव्हा मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. पण घराबाहेर त्या गोळ्यांचं नाव होतं ‘प्रेशरच्या गोळ्या’. हे बारसं तुम्हा पुरुषांनीच केलं होतं.

मग माझ्या दारूबंदीच्या सभेचं टेबल उचलताना फर्डिनंडची कंबर धरली. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने कोणी येत नाही. पूर्वी अंडी आणायचे. आता अंडी आणतात आणि स्वतःच्या दुखण्यातून उरलेल्या गोळ्याही आणतात. दुपारपर्यंत खाटेजवळ एवढ्या गोळ्या जमल्या की लहानसं दुकान काढता आलं असतं. त्यांत बेलामावशीची गोळी मानाची. बॅप्टिस्टकाकांच्या ऑपरेशननंतर दुखण्यावर दिलेली, काका गेल्यावरही बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेली. “घे रे बाबा, भारी औषध आहे. काका कसे गप झोपायचे!” मी पाणी आणायला आत गेले तेवढ्यात फर्डिनंडने ती गिळलीसुद्धा. मावशीला नाही म्हणायची हिंमत आपल्या पॅरिशमध्ये फादरनाही नाही.

थोड्या वेळाने त्याला दरदरून घाम सुटला. पाय आपोआप उडू लागले. डोळे मोठे करून तो बसता झाला आणि त्याने प्रार्थनेतली नावांची लदिन सुरू केली. पण संतांची नाही, केळ्यांची! “हे पवित्र राजेळी!” आणि बेलामावशी, जन्माची सवय, हात जोडून म्हणाली, “आमच्यासाठी विनंती कर.” “हे पवित्र मुठेळी!” “आमच्यासाठी विनंती कर.” “हे पवित्र बसराई!” हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी त्याच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं. हात लाकडासारखे ताठ. पुढचं केळं त्याच्या तोंडातून फुटेना. माझं हसू तिथेच संपलं.

केळ्यांच्या टेंपोत घालून आम्ही त्याला माणिकपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, याला कुठलं औषध चालू आहे? त्याचा भाऊ आलोशियस माझ्याआधी बोलला, “प्रेशरचं, डॉक्टर. फक्त प्रेशरचं.” आणि त्याने मला डोळ्यांनी दटावलं. बाकावर चर्चच्या गायनमंडळातल्या बायका बसल्या होत्या. व्हिन्सेंट, मी पंचायतीच्या पायरीवर बोलले आहे, गुत्तेवाल्यांच्या गुंडांसमोर बोलले आहे, पण एवढं मोठं भाषण कधी केलं नव्हतं. “डॉक्टर, हा माणूस मनाच्या आजाराच्या गोळ्या घेतो! ही पट्टी! आणि आज त्यावर ऑपरेशनच्या दुखण्याची गोळी घेतली आहे!” बाहेर रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.

डॉक्टर पट्टी बघून ताडकन उठले. मुंबईला न्यावं लागलं. दोन दिवस तो आपला की देवाचा ते कळत नव्हतं. नंतर तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दोन्ही औषधं आपापल्या जागी चांगली. पण मनाची काही औषधं आणि अफूच्या जातीची दुखण्यावरची काही औषधं पोटात एकत्र आली की ताप चढतो, अंग ताठतं, कधी श्वास मंदावत मंदावत थांबतो. ‘प्रेशर’ म्हणत राहिला असतात तर माणूस हातचा गेला असता, म्हणाले. शुद्धीवर आल्यावर फर्डिनंडचा पहिला प्रश्न, “लदिनीत वेलची केळं राहिलं का गं?”

गावात बोभाटा झाला, खरं आहे. पण पुढचं रिटाने तुला सांगितलेलं नसणार. महिन्याभरात मागच्या फाटकाने माणसं येऊ लागली. पहिला आला काशीराम. मुनवे हवेत म्हणाला, केळीची पिल्लं, लावायला. ज्याच्या स्वतःच्या वाडीत केळीच केळी, त्याला आमचे मुनवे! तो आणि फर्डिनंड विहिरीवर बराच वेळ हळू आवाजात बोलले. मग कॉन्रॅडसर आले. त्यांनाही मुनवे. जाताना प्रत्येकाच्या हातात मुनवे आणि खिशात मुंबईच्या डॉक्टरांचा पत्ता. कोण काय बोललं ते फर्डिनंड सांगत नाही, मी विचारत नाही.

काल तुझी सुझान आली होती. शुक्रवारी तुझं हर्नियाचं ऑपरेशन आहे म्हणाली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू ‘दुसरं काहीच औषध चालू नाही’ असं सांगितलंस, म्हणून ती बिचारी निर्धास्त आहे. मी निर्धास्त नाही. नाताळाआधी, मी सभेला गेले आहे हे बघून, तूही मागच्या फाटकाने आलास आणि पाच मुनवे घेऊन गेलास. व्हिन्सेंट, तू दुसऱ्या मजल्यावर राहतोस. कुठे लावलेस ते? फर्डिनंडने मला एक शब्द सांगितलेला नाही, पण मला केळी कळतात. ऑपरेशनला आणि नंतर दुखू नये म्हणून तुला काय टोचतील ते तुला माहीत नाही, आणि तुझ्या पोटात काय आहे ते त्यांना माहीत नाही. दोन दिवस गोळी चुकवली की झालं, असा हिशेब मनात असेल तर तो पुसून टाक. काही औषधं बंद केल्यावरही कितीतरी दिवस अंगात राहतात, आणि बंद करायची की नाही तेही डॉक्टरच ठरवणार. हे पत्र फर्डिनंड स्वतः तुझ्या हातात देईल. मग तो खाली रिक्षा थांबवून उभा राहील. सुझानला काय सांगायचं ते तुझं तू बघ, मला त्यात पडायचं नाही. तू फक्त ती पट्टी खिशात घाल, आत्ता त्याच्याबरोबर जा आणि ऑपरेशनच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. हळू आवाजात सांगितलंस तरी चालेल.

तू नाही गेलास तर मी येईन, आणि मला हळू बोलता येत नाही.

तुझीच,
आग्नेसबाय