मॉडचं गुरगुरणं

शेफील्ड,
सोमवार, २० एप्रिल १९९८

ती. डोरीनआत्यास,
सा. न. वि. वि.

१. आपल्या जुन्या गाडीचा, मॉडचा, स्टार्टर सहा व्होल्टचा होता आणि थंडीत इंजिन फिरवायला कमी पडायचा. हँडल मारताना आजोबांचं मनगट मुरगळलं, म्हणून मी तो बारा व्होल्टचा केला. आतल्या चार कॉइल जोडीजोडीने समांतर होत्या, त्या एकामागोमाग एक जोडल्या. बॅटरी आणि दिवेही बदलले.
२. शनिवारी मी गाडी चार वेळा सुरू केली. चारही वेळा गिअर काढलेला होता.
३. संध्याकाळी आजोबांनी ती एकदा फिरवून आणली आणि गॅरेजात लावली.
४. रविवारी सकाळी त्यांनी बटण दाबलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती.
५. मॉड मागची फळ्यांची भिंत तोडून रुबार्बच्या वाफ्यात गेली.
६. आजोबांच्या भुवईला खोक पडली. टाके लागले नाहीत.

फोनवर आपल्या दोघींचे आवाज चढतात, म्हणून लिहिलं. काम माझं होतं, तेव्हा दोषही माझाच. स्टार्टर काढून तपासायला इथे आणलाय. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ब्रायनी

———

अपर स्कार,
बुधवार, २२ एप्रिल

चि. ब्रायनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाटलं, पोलीस पंचनामा पाठवतायत! अगं, आत्याला पत्र लिहितेस की कोर्टाला? तुझा दोष वगैरे काही नाही. दोष वयाचा आहे. शेगडीवर किटली विसरणं वेगळं आणि गाडी गिअरमध्ये विसरणं वेगळं. उद्या तिथे भिंतीऐवजी शेजारच्या मिसेस ग्रीनवुड असत्या तर? (त्या म्हणाल्या, रुबार्ब तरी वाचलं का? धन्य बाई.)

मी बाबांना स्पष्ट सांगितलं, आता किल्ली माझ्याकडे. त्यांनी वादच घातला नाही, ब्रायनी. मुकाट्याने काढून दिली. तेच मला जास्त लागलं. स्किप्टनचे एक गृहस्थ येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी, म्हणजे दोन तारखेला, मॉड न्यायला येतायत.

मलाही वाईट वाटतंच गं. लहानपणी दर रविवारी चर्चला निघताना आम्ही मागच्या सीटवर कान टवकारून बसायचो. पहिल्यांदा बटण दाबलं की मॉड नुसती गुरगुरायची आणि जागच्या जागी हुंदका द्यायची. बाबा टोपी काढून म्हणायचे, “सुप्रभात, बाईसाहेब.” मग दांडी हलवून पुन्हा दाबायचे, की झाली सुरू. कधी चुकलं नाही. आम्हाला वाटायचं, सगळ्याच गाड्यांना दोनदा उठवावं लागतं.

जेवणाकडे लक्ष दे. मी बोलले ते मनात ठेवू नकोस, मला ठेव.

तुझी,
डोरीनआत्या

———

अपर स्कार,
शुक्रवार, २४ एप्रिल

चि. ब्रायनीस,
आशीर्वाद.

फोनवर मला काही ऐकू येत नाही आणि डोरीनला ते पटत नाही, म्हणून हे चार शब्द. भुवई बरी आहे. आरशात बघितलं तर मुष्टियोद्धा दिसतो. तुझा स्टार्टर म्हणजे अस्सल काम, पोरी. मी नेहमीसारखं तिला जागं करायला बटण दाबलं, आणि ती पहिल्या हाकेला उठली. चौसष्ट वर्षांच्या बाईकडून एवढा उत्साह कोण अपेक्षितो?

डोरीन म्हणते मी विसरायला लागलोय. रात्रंदिवस आठवून पाहतोय. शनिवारी गिअर टाकल्याचं मला खरंच आठवत नाही. तेव्हा तिचं बरोबर असावं. कालपासून प्रत्येक गोष्ट दोनदा तपासतो. नळ, दार, दिवा. दमायला होतं.

तू स्वतःला बोल लावू नकोस. म्हाताऱ्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझा,
विल्फ्रेडआजोबा

———

शेफील्ड,
रविवार, २६ एप्रिल

ती. डोरीनआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मॉडचं गुरगुरणं हा तिचा स्वभाव नव्हता. ती गिअरमध्ये असायची.

तुमच्या गॅरेजची फरशी आत चढत जाते आणि मॉडचा हँडब्रेक नावापुरता आहे. म्हणून आजोबा गाडी पहिल्या गिअरमध्ये लावतात. हात आपोआप टाकतो, त्यामुळे ते आठवायचा प्रश्नच नाही. सकाळी बटण दाबलं की सहा व्होल्टच्या मोटरला चढावर गाडी ढकलता यायची नाही. ती अडून गुरगुरायची. मग ते गिअर काढायचे. तू लिहिलेली ‘दांडी हलवणं’ म्हणजे तेच. तू मागच्या सीटवर होतीस तेव्हापासून हे असंच चालू आहे.

दुसरा पुरावा. मार्चमध्ये मोटर उघडली तेव्हा आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर जळल्याचे खड्डे होते, एकावर एक, जुने. अडलेली मोटर अशीच जळते. मी त्यांची मापं वहीत लिहिली, पट्ट्या घासून गुळगुळीत केल्या आणि ते खड्डे का पडले हे आजोबांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं. गिअर राहिल्याचं मोटर रोज त्यांना सांगायची. मी तिला ताकद दिली, तेव्हा ते सांगणं बंद पडलं.

ते काही विसरले नाहीत. नेहमी करतात तेच त्यांनी केलं.

क्लचच्या पेडलला एक स्विच बसवता येईल. पेडल दाबल्याशिवाय बटणाला वीज मिळणार नाही. मग गाडी कुठल्याही गिअरमध्ये असो, पेडल दाबलेलं असताना चाकांना जोर पोचत नाही. मी शनिवारी सकाळी तो आणि स्टार्टर घेऊन येऊ शकते. फळ्याही आणीन. पहिल्यांदा बटण दाबताना शेजारी मी बसेन. तू मागे बस, तुझ्या जागेवर.

आजोबांना मी यातलं काही लिहिलेलं नाही. ते नळ दोनदा तपासतायत. हे त्यांना तुझ्या तोंडून कळावं असं मला वाटतं, कारण किल्ली तू घेतलीस. मोठ्याने सांग, उजव्या कानाशी.

माझ्यावर लोभ आहे हे ठाऊक आहे. या वेळी थोडा विश्वासही ठेव.

स्किप्टनच्या गृहस्थांना येऊ नका म्हणून कळवलंस का, ते मला गुरुवार, ३० तारखेपर्यंत लिही.

तुझी,
ब्रायनी