जहाजावरचा नारळ आणि नानासोची दोन बोटे

मी, आकाराम गुंडा खोत, वय छप्पन, नौदलातून निवृत्त झालेला जहाजावरचा सुतार, राहणार इस्लामपूर, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी फुप्फुसे कामातून गेली म्हणून सांगितले. डोके शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने मी जिवंत आहे तोवर समोर यावे, दात हातात देतो.

कलम १. राहते घर मुलगा कृष्णात यास. तो मुंबईला गिरणीत असतो. सुनेने चुलत सासऱ्याला ओसरीवर बसायला मज्जाव करू नये.

कलम २. नौदलाच्या पैशातून मी स्वतः घेतलेली ओढ्याकाठची दोन एकर उसाची जमीन माझा धाकटा भाऊ नानासो यास. कृष्णात, आता तुझे डोके फिरले असेल. वकिलाकडे पळण्याआधी पुढचे वाच.

कलम ३. ओसरीवरचे तीन हात लांब लाकडी जहाज. मी ज्या जहाजावर होतो त्याची ही हुबेहूब नक्कल. ते जहाज १९४३ साली टॉर्पेडोने फुटले. पाण्यावर तेल पेटले होते आणि त्यात माणसे जिवंत भाजत होती. दहिवडीचा केरू माझा पाय धरून ओरडत होता. मी लाथ मारून पाय सोडवला, तो बुडाला. गावी आल्यावर बाभळीचा कणा घेतला, सागाच्या पट्ट्या गरम पाण्यात वाकवल्या आणि सात वर्षे खपून ते जहाज पुन्हा उभे केले. डेकवर तांदळाएवढा केरू बसवला.

१९६१ च्या खंडेनवमीला सगळी हत्यारे पाटावर मांडून पुजली. जहाजही शेजारी ठेवले. मी गंध उगाळत होतो. नानासो तेव्हा वीस वर्षांचा. त्याने नारळ उचलला आणि जहाजाच्या पुढच्या टोकावर दाणकन आपटला. टोक फुटले, पट्ट्या उडाल्या, केरू कुठे गेला कळले नाही.

"दादा, तूच म्हनला न्हवतास व्हय, नारळ फोडल्याबिगर नवं जहाज पान्यात जात न्हाई?" असे तो हसत म्हणाला.

मीच सांगितले होते. पण माझ्या कानात तेल पेटल्याचा आवाज आला. पाटावरचा लाकूड तासायचा वाकस उचलला आणि हाणला. त्याच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटे कुंकवात पडली. पोरगा ओरडला नाही. धोतराचा सोगा हाताला गुंडाळत म्हणाला, "दादा, आय याया लागलीया. वाकस लपीव."

आईला त्याने सांगितले, कडबा कुट्टीत हात गेला. बोटे मी परड्यात पुरली. कुत्र्याने ती उकरली, तर त्या मुक्या जनावरालाही मी दगडाने ठेचले. असला मी माणूस.

पंधरा दिवसांनी नानासो पलटणीत जाणार होता. साताऱ्यात मेडिकल पास झाले होते. बंदुकीचा घोडा ओढायचे बोटच गेले, पलटण गेली. आमच्या भावकीतला लालासाहेब चावडीवर म्हणाला, "नाना ढोसून कुट्टीवर बसला असंल." सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, "व्हय."

त्यावर नानासोचे ठरलेले लग्न मोडले. आईने त्याला जोतिबाची शपथ घालून दारू सोडायला लावली. जन्मात थेंब न शिवलेल्या माणसाने मान खाली घालून शपथ घेतली. पुढल्या जत्रेत लालासाहेब पुन्हा तेच बरळला तेव्हा मी त्याचा जबडा फोडला. गाव म्हणाले, भाऊ असावा तर असा. थू माझ्या जिनगानीवर!

म्हणून जमीन नानासोची. जहाजही त्याचे. दोन वर्षे खपून मी ते दुरुस्त केले आहे. त्याने ठेवावे, फोडावे, चुलीत घालावे, कोणी अडवू नये.

कलम ४. वाकस विहिरीत टाकावा. बाकी हत्यारे कृष्णातास. लालासाहेबास कवडी नाही, पण जबड्याची माफी मागतो. बोलला तो, खोटे माझे होते.

कलम ५. माझे दिवस घालायच्या आत हा कागद चावडीवर मोठ्याने वाचावा.

येथवर लिहून आज साक्षीदारांसमक्ष नानासोला वाचून दाखवले. तो म्हणाला, "आय जाऊन नऊ वर्सं झाली, दादा. तिला आता कोन वाचून दाखवनार?" आणि उठून त्याने उजव्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. मग तो ओसरीवर बसून लहान पोरासारखा रडला. मी उठून जवळ गेलो नाही, माझी छाती झाली नाही.

सबब जाहीर करतो की हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने लिहिलेले नाही. थप्पड लिहून झाल्यावर बसली, आणि ती मला पावली. गालावर तीन बोटांचा वळ आहे. खालील साक्षीदारांनी तो डोळ्यांनी पाहून सह्या केल्या आहेत.

सही : आकाराम गुंडा खोत

साक्षीदार :
१. अर्जुना बाळा सुतार (सही)
२. दादासो ज्ञानू मुळीक (निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम इस्लामपूर, दिनांक १४ नोव्हेंबर १९७७